गोणी, पिशवी आणि गव्हाण

हंगामाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दोन प्रश्न हटकून ऐकू येतात. ‘डीएपी आलंय का?’ आणि ‘यंदा कोणतं वाण जोरात आहे?’ पहिल्याचे उत्तर गोणीच्या भावात मिळते, दुसऱ्याचे एकरी उताऱ्यात. दुकानदार, पीक-प्रात्यक्षिकाचा बांधावरचा फलक, शेतीची मासिके, सगळ्यांकडे हीच दोन मापे आहेत. ज्याच्या दारात एकही जनावर नाही त्याचे त्यांवर बहुतांशी भागते. पण ज्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत, एखादी बैलजोडी आहे आणि शेतात ज्वारी, बाजरी किंवा गहू आहे, त्याला ही मापे फसवतात. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्वभाग या अवर्षणप्रवण पट्ट्यातली बरीच शेती अशीच आहे.

माझे म्हणणे असे की पीक आणि जनावर एकत्र सांभाळणाऱ्या घरात खताची खरेदी आणि वाणाची निवड हा एकच निर्णय असतो आणि त्याची सुरुवात गव्हाणीपासून करावी लागते. वाण ठरले की वैरण किती आणि कशी येणार ते ठरते. वैरण ठरली की गोठ्यातून शेताकडे काय परत जाणार याचा अंदाज येतो. तो आला की मगच दुकानातून काय आणायचे ते कळते. आपण हा क्रम उलटा लावला आहे. आधी गोणी, मग बियाण्याची पिशवी, आणि गोठ्याचा विचार शेणखताची ट्रॉली भरायच्या दिवशी.

१. उतारा कोणाचा मोजायचा?

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला. बुटके ताट, भरगच्च कणीस, नत्राला चटकन प्रतिसाद. खरिपात तो आणि त्याच्या मागून आलेले संकर झपाट्याने पसरले. रब्बीत मात्र सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी मालदांडीला चिकटून राहिला. मालदांडी ३५-१ हे काही अनादी काळापासूनचे वाण नव्हे. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेले ते सुधारित वाणच आहे. तरीही ते न सोडणाऱ्या शेतकऱ्याला ‘परंपरावादी’ ठरवण्यात आले. दाण्याचा उतारा वाढत असताना हा माणूस ऐकत का नाही, असा सूर अनेक वर्षे होता.

तो ऐकत नव्हता, कारण त्याचे माप निराळे होते. मालदांडीचे उंच, पानाळ, गोडसर ताट जनावर चगळ फारशी न ठेवता खाते. बुटक्या संकराचा कडबा कमी आणि राठ, तो गव्हाणीत पडून राहतो. शिवाय खरीप संकराच्या दाण्याला काढणीवेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो, भाकरीला चालत नाही आणि बाजारात पडत्या भावाने जातो. पुढे खरीप ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने गिळले, त्यामागे हेही एक कारण होते. रब्बी ज्वारी टिकली ती भाकरी आणि कडबा या दोन पायांवर. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या वाणाचा हट्ट सोडा असे दोन पिढ्यांना सांगितले गेले, त्याच वाणाला सरकारी शिक्का मिळाला.

या इतिहासातून मला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. मुद्दा मापाचा आहे. एक गृहीत उदाहरण घेऊ. पहिले वाण एकरी १० क्विंटल दाणा आणि १२ क्विंटल कडबा देते. दुसरे ८ क्विंटल दाणा आणि २२ क्विंटल कडबा. फलकावर पहिले वाण जिंकणार. पण एका मोठ्या जनावराला दिवसाला साधारण साडेपाच किलो कोरडी वैरण धरली तर वर्षाला २० क्विंटल लागतात. दोन वाणांतला १० क्विंटल कडब्याचा फरक म्हणजे एका जनावराची सहा महिन्यांची कोरडी वैरण. दोन क्विंटल दाण्याच्या पैशातून ती विकत मिळते का, हा खरा प्रश्न. सुकाळात कदाचित मिळेल. २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारख्या वर्षी, जेव्हा सरकारला चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा मिळत नाही. आणि वाण निवडताना पुढचे वर्ष कसले येणार हे कोणालाच ठाऊक नसते.

कडब्याचा दर्जाही मोजला पाहिजे. कडबा शेकड्यावर विकत घेणारा व्यापारी पेंढी हातात घेऊन पाने, रंग, ताटाची जाडी पाहतो आणि त्याप्रमाणे भाव करतो. बाजाराला जे कळते ते वाणाच्या माहितीपत्रकात मात्र क्वचितच छापले जाते. तिथे दाण्याचे आकडे ठळक असतात, कडब्याचे क्विंटल खाली असतात, आणि तो जनावराला पचतो किती याबद्दल सहसा अक्षर नसते.

२. गोणीचा भाव हा भाव नव्हे

आता खताकडे. युरियाची ४५ किलोची गोणी करासह सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. नत्र पडला किलोला १३ रुपयांच्या आत. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची. तीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राची किंमत युरियाच्या भावाने वजा केली तर स्फुरद किलोला ५३-५४ रुपये पडतो. म्हणजे आपण स्फुरदाला नत्राच्या चौपट पैसे मोजतो. ज्याला एवढे पैसे मोजायचे त्याची गरज आधी तपासायला नको?

कोरडवाहू रब्बी ज्वारीला मध्यम जमिनीत विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरदाची आहे. एकरी १६ आणि ८. ‘एकराला एक बॅग डीएपी’ ही सवय या हिशेबात बसवून पाहा. स्फुरद २३ किलो पडला, म्हणजे शिफारशीच्या जवळजवळ तिप्पट. नत्र मात्र ९ किलोच, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. जे महाग ते जास्त घातले, जे स्वस्त ते कमी. त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी घेतली तर १६ टक्क्यांनी नेमका ८ किलो स्फुरद मिळतो, वर साडेपाच किलो गंधक. जोडीला पाऊण गोणी युरिया. दोन चाड्यांच्या पाभरीने हे सगळे पेरणीबरोबरच बियाण्याच्या खाली पडते. सुपर फॉस्फेटला ‘हलकं खत’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. गोणीगणिक अन्नद्रव्य त्यात कमी असते हे खरेच. पण पिकाची भूक किलोत मोजायची असते, गोण्यांत मोजून काय उपयोग?

नव्या मालालाही हीच किलोची फूटपट्टी लावावी. गंधकाचा लेप असलेला ‘युरिया गोल्ड’ ४० किलोच्या गोणीत येतो, नत्र ३७ टक्के, म्हणजे १४.८ किलो, आणि भाव साध्या युरियाच्या गोणीइतकाच. गंधकाची गरज असेल तर जरूर घ्यावा, पण नत्र महाग पडला हे ध्यानात ठेवून. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली ४ टक्के नत्राची निघाली तेव्हा तिच्यात नत्र होता २० ग्रॅम, आणि ती एका गोणीला पर्याय म्हणून विकली गेली. गोणीत २० किलो, बाटलीत २० ग्रॅम. फवारणीची कार्यक्षमता कितीही जास्त धरली तरी हजारपटीची दरी भरत नाही. अशा बाटल्या युरियाबरोबर गळ्यात मारण्याला गावोगाव ‘लिंकिंग’ म्हणतात. ते बेकायदा आहे हे दुकानदाराला ठाऊक असते आणि शेतकऱ्यालाही. पण उधारीची वही ज्याच्या हातात, त्याच्याशी भांडायचे कसे?

३. कडबा विकतो तेव्हा काय विकतो

इथवरचा हिशेब जनावर नसलेल्यालाही लागू आहे. मिश्र शेतीचा वेगळेपणा इथून पुढे.

तृणधान्याच्या पिकात नत्र आणि स्फुरद पिकता पिकता बहुतांशी दाण्यात जातात. पालाश ताटात राहतो. ज्वारीच्या कडब्यात साधारण अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याहून किंचित कमी स्फुरद आणि सव्वा टक्क्याच्या वर पालाश असतो. २० क्विंटल कडबा म्हणजे सुमारे १० किलो नत्र, साडेचार किलो स्फुरद आणि २७ किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत पालाश असतो ३० किलो. याचा अर्थ, २० क्विंटल कडबा टेम्पोत भरून दिला की पोटॅशची जवळजवळ एक गोणी गाडीत बसून गेली. उलट ८ क्विंटल दाणा बाजारात गेला तर त्याबरोबर तीन-चार किलो पालाशच जातो.

आपल्या काळ्या जमिनी पालाशाने समृद्ध आहेत, त्यामुळे हे नुकसान एका-दोन हंगामांत दिसत नाही. म्हणूनच ते घातक आहे. दरवर्षी दाणा आणि कडबा दोन्ही विकणारे रान आणि दाणा विकून कडबा गोठ्यात जिरवणारे रान, या दोघांना माती परीक्षणाच्या कागदावरून एकच खत सांगणे म्हणजे दोन वेगळ्या आजारांना एकच गोळी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी तपासल्या जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. चांगले काम आहे. पण गेल्या वर्षीचा कडबा कुठे गेला, हा तेरावा प्रश्न त्यात नाही, आणि जनावरे असलेल्या घराला तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

मुरघासाने हा प्रश्न आणखी टोकाला नेला आहे. दुधाच्या पट्ट्यात मका आता दाण्यासाठी कमी आणि मुरघासासाठी जास्त लावला जातो. दाणा दुधाळ-चिकट असताना अख्खे ताट कापले जाते. शेतात उरतात फक्त खुंट. तिथे पालाश सगळ्यात वेगाने उपसला जातो. वाणाच्या बाबतीतही एक भाबडी समजूत आहे की हिरवा चारा म्हणजे उंच वाढणारा आफ्रिकन टॉलच. ओल्या चाऱ्याला तो उत्तम. पण मुरघासाची ताकद बरीचशी कणसातल्या दाण्यात असते, त्यामुळे कणीस भरणारे दाण्याचे संकर तिथे सरस ठरतात. म्हणजे ज्वारीत आपण दाण्याच्या नादात ताट विसरलो आणि मक्यात ताटाच्या नादात दाणा.

४. पशुखाद्याचे पोते हेही खताचेच पोते

या लेखातला हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही.

दुभत्या गाईला दिवसाला ४ किलो पशुखाद्य दिले तर वर्षाला १,४६० किलो होते. २० टक्के प्रथिनांच्या खाद्यात नत्र ३.२ टक्के असतो, कारण प्रथिनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्र असतो. म्हणजे त्या एका गाईच्या खाद्यातून वर्षाला सुमारे ४७ किलो नत्र घरात येतो. यातला पाऊण हिस्सा तरी दुधात जात नाही. शेणात आणि मूत्रात उतरतो. धरा ३५ किलो. युरियाच्या भाषेत पावणेदोन गोण्या. स्फुरदाचे गणित त्याहून बोलके आहे. पशुखाद्याच्या भारतीय मानकाप्रमाणे फॉस्फरस किमान अर्धा टक्का हवा. १,४६० किलोत तो सात किलोच्या वर होतो. सुमारे ३,००० लिटर दुधाबरोबर तीनेक किलो जातो. उरलेला चारेक किलो शेणात. आणि खताच्या गोणीवर ज्या भाषेत स्फुरद लिहितात त्या भाषेत तो भरतो ९-१० किलो. दोन गाई असतील तर दोन्ही मिळून वर्षाला जवळजवळ एका डीएपी बॅगेचा स्फुरद दूध संघाच्या पट्टीतून, पशुखाद्याच्या नावाखाली, आधीच घरात आलेला असतो. आणि तोच शेतकरी सप्टेंबरमध्ये डीएपीच्या रांगेत उभा असतो.

शेणखत वर्षानुवर्षे घराजवळच्या त्याच रानात पडते, कारण लांबच्या तुकड्यावर ट्रॉली नेणे परवडत नाही. त्यामुळे गोठ्याभोवतीच्या दोन एकरांत स्फुरद साठत जातो आणि ओढ्यापलीकडचे रान उपाशी राहते. स्फुरद जमिनीत फार हलत नाही. आमच्या चुनखडीयुक्त जमिनीत तर तो चुन्याशी बांधला जाऊन जागीच बसतो. तरीही डीएपी दोन्हीकडे सारखेच. माझा पहिला सल्ला म्हणूनच हा असतो की घराजवळच्या रानात डीएपी बंद करून पाहावे, आणि तो पैसा लांबच्या रानातल्या सुपर फॉस्फेटला लावावा.

५. शेण दिसते, मूत्र दिसत नाही

शेणाचे हिशेब सगळे करतात. मूत्राचे कोणी करत नाही. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा अर्ध्याच्या आसपास भाग मूत्रात असतो आणि पालाशाचा तर बहुतेक सगळा. स्फुरद मात्र शेणात. मातीच्या गोठ्यात मूत्र जमिनीत मुरते, सिमेंटच्या गोठ्यात नळीच्या पाण्याबरोबर गटारात जाते. उरलेले शेण उघड्या उकिरड्यावर उन्हात वाळते आणि त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. ट्रॉलीतून शेतात जाते त्या शेणखतात टनाला पाच किलो नत्र मिळाला तरी नशीब. त्यातलाही मोठा भाग पहिल्या हंगामात पिकाला लागू होत नाही.

परिणाम असा की गोठ्यातून शेताला स्फुरद बऱ्यापैकी परत मिळतो, नत्र अर्धामुर्धा, आणि पालाशाची वासलात सांडपाण्यात. म्हणून शेणखत टाकणाऱ्या शेतकऱ्याला दुकानातून खरी गरज असते ती नत्राची, क्वचित पालाशाची, आणि सर्वांत कमी स्फुरदाची. बाजाराचा कल नेमका उलटा: १०:२६:२६, १२:३२:१६, डीएपी. मिश्र खतांच्या या गोण्या गोठा नसलेल्या शेतासाठी आखल्यासारख्या आहेत. नावात ‘मिश्र’ असले तरी मिश्र शेतीला त्या सहसा जुळत नाहीत.

गोठा साफ करणारे हात बहुतेक घरांत बाईचे असतात आणि खत खरेदीला जाणारे बुवाचे. एकाच नत्राची दोन टोके दोघांकडे. हा हिशेब एकत्र न होण्याचे हेही एक साधे कारण असावे.

आणि एक कारण सरकारी आहे. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली तेव्हा युरिया तिच्या बाहेर ठेवला गेला. स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव हलले, युरियाचा जवळजवळ गोठलेलाच राहिला. किलोला १३ रुपयांनी नत्र मिळत असताना मूत्र साठवायला खड्डा कोण काढील? आपण वाया घालवलेल्या नत्राची किंमत स्वस्त युरियाने झाकून टाकली आहे. शेतकऱ्याला आळशी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

६. मग वाण कसे निवडायचे?

पहिली कसोटी मातीच्या खोलीची. इथे विद्यापीठांनी खरोखर चांगले काम केले आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही. फूटभर खोलीच्या हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा आपली मालदांडी. त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी असेल तर फुले रेवती. हे बहुतेक सरळ वाण आहेत. यांचे बियाणे घरी राखता येते, म्हणजे बियाण्याचे पैसे वाचून खताकडे वळवता येतात.

दुसरी कसोटी नत्राची सोसणूक. उंच ताटाचे वाण भरमसाट नत्र दिले की लोळते, आणि कोरडवाहूत त्याहून वाईट गोष्ट घडते. पेरणीवेळी नत्र जास्त पडले की पीक सुरुवातीला हिरवेगार, दाट माजते, जमिनीतली ओल लवकर पिऊन टाकते आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपते. तेव्हा खडखड्या येतो. ताट बुडाशी पोकळ होऊन आडवे पडते. दाणा चिंबतो आणि कडबाही बिघडतो. म्हणून हलक्या जमिनीला शिफारस हेक्टरी २५ किलो नत्राचीच आहे. ज्याच्याकडे ओल नाही त्याने नत्राला भुकेले वाण घेऊ नये. आणि ज्याने तसे वाण घेतले आहे त्याने नत्रात हात आखडू नये. वाण आणि गोणी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसाच्या सांगण्यावरून घेतली जाते तेव्हा हीच सांगड तुटते.

तिसरी कसोटी गव्हाणीची. आपल्या जनावरांना वर्षाची कोरडी वैरण किती लागते, आपले रान किती देते, तूट किती. तूट असेल तर कडब्याचे वाण. वैरण उरत असेल तर खुशाल दाण्याचे. बाजरीतही हाच नियम. सरमाडाला जनावर फार राजी नसते, म्हणून तिथे दाणा आणि रोगप्रतिकार यांना मी जास्त वजन देतो. १९७० च्या दशकात ‘गोसावी’ रोगाने बाजरीच्या संकरांची दाणादाण उडवली होती. एकाच संकरावर सगळे रान लावायचे नाही हा धडा तेव्हाचा. लोहाचे प्रमाण जास्त असलेला धनशक्ती हा सरळ वाण घरच्या भाकरीसाठी अर्धा एकर तरी असावा. गव्हाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. आपल्याकडे गव्हाचे काड वैरण म्हणून कोणी मनापासून मानत नाही, आणि हार्वेस्टर फिरला की ते शेतातच राहते. तिथे तांबेरा आणि पेरणीची वेळ पाहून वाण घ्यावे, आणि बागायतीत १२० किलो नत्रातला निम्मा भाग तीन आठवड्यांनी द्यावा, म्हणजे झाले.

७. आक्षेप

‘जनावरे आहेतच कुठे? बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला.’ बैल घटले हे खरे. पण संकरित गाई वाढल्या, आणि गाय बैलापेक्षा कितीतरी जास्त विकतचे खाद्य खाते. म्हणजे बाहेरून गोठ्यात येणारे अन्नद्रव्य वाढले आहे, हिशेबाची गरजही. ज्याच्याकडे काहीच जनावर नाही, त्याने हा लेख दुसऱ्या भागापर्यंतच आपला मानावा.

‘ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, कडबा कसला मोजता?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. रब्बी ज्वारी उपटणे हे कंबर मोडणारे काम, आणि मजुरी वाढली की कडब्याचा हिशेब बदलतो. मी तो नाकारत नाही. पण मजुरी ही कडब्याच्या खर्चाच्या बाजूला मांडावी. कडबा शून्य धरणे चूक. बहुतेक वेळा मजुरी वजा जाऊनही कडबा उरतो. ज्या वर्षी उरणार नाही असे दिसते त्या वर्षी दाण्याचे वाण लावायला कोणी अडवलेले नाही.

‘एवढेच शेण-मूत्र पुरते तर रासायनिक खत बंदच करा.’ हा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो आणि हल्ली फार जोरात येतो. दाणा, दूध, कडबा, वासरू, जे जे दारातून बाहेर जाते त्याबरोबर अन्नद्रव्य जाते. जीवामृताच्या पिंपात शेण, गूळ, बेसन मिसळून जिवाणू वाढत असतील. पण बाहेर गेलेला स्फुरद त्यातून परत येत नाही. परत येतो तो गोणीतून किंवा पशुखाद्यातून. आणि पशुखाद्यातली सरकी पेंड, कोंडा, मका कुणाच्या तरी रानात, बहुधा युरिया घालूनच पिकलेला असतो. नैसर्गिक शेतीचा फलक लावलेल्या गोठ्यातही पशुखाद्याची पोती पाहिली की हा प्रश्न विचारावासा वाटतो.

‘एवढा हिशेब शेतकरी करणार?’ दूध संघाची दहा दिवसांची पट्टी तो फॅटच्या पॉइंटपर्यंत वाचतो. पशुखाद्याची कपात तिच्यातच छापलेली असते. आणखी हिशेब तो कितीसा?

८. या सप्टेंबरात

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबरपर्यंत. त्याआधी चार आकडे एका कागदावर लिहावेत: वर्षभरात पशुखाद्याची पोती किती आली, कडब्याची गंज किती महिने पुरली, शेणखताच्या ट्रॉल्या कोणत्या गट नंबरात पडल्या, आणि कडबा विकला असेल तर किती शेकडा. कागद घेऊन दुकानात जावे. डीएपीची गाडी आलेली नसेल तर थांबू नये. आलेली असेल तरी आधी कागद पाहावा. गोठ्याच्या नाल्याच्या तोंडाशी मूत्र साठवायला हातभर खोल खड्डा काढून त्यात उसाचे पाचट किंवा चगळ टाकायला दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो, आणि त्यासाठी कोणत्याही दुकानात रांग लावावी लागत नाही.